विश्लेषण : ‘लॉसलेस’ गाण्यांसाठी महिन्याला १०० रुपये जास्त मोजावेत का?

स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात नवे प्लॅन आणले. १९९ रुपयांच्या ‘स्टँडर्ड’मध्ये ‘लॉसलेस’ दर्जा नाही. तो २९९ रुपयांच्या ‘प्लॅटिनम’मध्ये आहे. म्हणजे वर्षाला १,२०० रुपये जास्त. चिंचवडमध्ये शिफ्ट करून घरी येऊन निवांत गाणी ऐकणाऱ्याने हे पैसे प्लॅनवर घालावेत की उपकरणावर?

लॉसलेस म्हणजे काय?

सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती लागते. स्पॉटिफायचा आधीचा सर्वोच्च दर्जा ३२० किलोबिटचा. तिथे कानाला सहसा न जाणवणारी माहिती गाळून फाइल लहान केली जाते. लॉसलेसमध्ये काहीच गाळले जात नाही. मात्र हा फरक चांगल्या उपकरणांवरही अनेकांना ओळखता येत नाही. अॅपल म्युझिकने तर २०२१ पासूनच लॉसलेस जादा पैसे न घेता दिले आहे.

ब्लूटूथवर उपयोग होतो का?

फारसा नाही. ब्लूटूथचा नेहमीचा एसबीसी कोडेक साधारण ३२८ किलोबिटपर्यंतच जातो. एलडीएसी ९९० पर्यंत पोहोचतो, पण तो फोन आणि हेडफोन दोन्हींत हवा. आयफोनमध्ये तो नाही. त्यामुळे ब्लूटूथ इअरबड वापरणाऱ्याचे प्लॅटिनमचे पैसे बहुतांशी वायाच जातात.

मग पैसे कुठे घालावेत?

सर्वात जास्त फरक पडतो तो स्पीकर किंवा हेडफोनने. फोनला हेडफोनचे भोक नसेल तर यूएसबी-सीचा छोटा डॅक घ्या. डिजिटल माहितीचा विजेच्या संदेशात बदल करणारी चिप म्हणजे डॅक. तो एक-दोन हजारांच्या आत मिळतो, म्हणजे साधारण प्लॅटिनमच्या वर्षभराच्या जादा खर्चात. सोबत वायरचा चांगला हेडफोन पुरेसा आहे. हॉलसाठी आत अॅम्प्लिफायर असलेली दोन स्पीकरची जोडी बघा.

खरेदी करताना काय तपासावे?

खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’च्या हजारो वॉटला भुलू नका; ‘आरएमएस’ आकडा बघा. वायरलेस हेडफोनला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. दुकानात स्वतःच्या ओळखीचे गाणे लावून ऐका. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा ठेवा, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो.

फ्लॅटमध्ये आवाज किती?

निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. दुसरी पाळी संपवून आलेल्याला म्हणूनच हेडफोन सोयीचा. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकणे सुरक्षित आहे. दिवसभर प्रेस शॉपच्या गोंगाटात राबणाऱ्याच्या कानांवर आधीच ताण असतो. त्याने आवाज आणखी कमी ठेवावा.

फुकटात काय सुधारते?

स्पीकर भिंतीला चिकटवू नका. दोन स्पीकर आणि तुमची बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण करा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा असला की घुमणे कमी होते. आणि कॅसेटवरून यूट्यूबवर आलेली जुनी मैफल कोणत्याही प्लॅनने सुधारत नाही. मूळ रेकॉर्डिंगमध्येच जे नाही, ते लॉसलेस कुठून आणणार?

थोडक्यात, आधी वायर आणि स्पीकर, मग प्लॅन.