सखी समितीचा धडा

स्त्रीहक्कांचा विषय निघाला की त्याचा उगम पश्चिमेत शोधायचा, ही आपल्याकडील काही विद्वानांची सवय. त्याला उत्तर म्हणून 'आमच्याकडे स्त्री पूज्यच होती' असे म्हणून स्वस्थ बसायचे, ही आपली सवय. या दोन्ही सवयी मोडून काढणारे एक नाव आहे, स्वर्णकुमारी देवी.

महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांची ही कन्या, रवींद्रनाथांची थोरली बहीण. १८८४ मध्ये त्यांनी 'भारती' या बंगाली मासिकाच्या संपादनाची धुरा स्वीकारली आणि सुमारे अकरा वर्षे ती समर्थपणे वाहिली. कथा-कादंबऱ्यांबरोबर त्यांनी विज्ञानविषयक लेखही लिहिले. ज्ञान स्वभाषेतच दिले, तर ते अंतःपुरापर्यंत पोहोचेल, ही त्यांची जाण होती.

परंतु केवळ लेखणीवर त्या विसंबल्या नाहीत. १८८६ मध्ये त्यांनी 'सखी समिती' स्थापन केली. विधवा व अनाथ मुलींना शिक्षण द्यायचे आणि त्यांच्याकरवीच घरोघरच्या स्त्रियांना शिकवायचे, अशी ही योजना. समितीच्या साह्यार्थ १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बेथून विद्यालयात स्त्रियांच्या हस्तकौशल्याचा मेळावा भरला. स्वदेशीचा उद्घोष देशभर घुमला तो १९०५ च्या वंगभंगानंतर; या भगिनींनी देशी कारागिरीचा सन्मान त्याआधी सतरा वर्षे मांडला होता. पुढे कन्या सरलादेवींनी १९१० मध्ये 'भारत स्त्री महामंडळ' स्थापून हे कार्य बंगालच्या सीमेपलीकडे नेले.

या परंपरेचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अभिमानाबरोबर उत्तरदायित्वही येते. सखी समितीने विधवेला दयेचा विषय मानले नाही, शिक्षिका मानले. आपल्या घरच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनीला बोलावताना मात्र आजही मन कचरते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कन्येला वडिलोपार्जित संपत्तीत पुत्राइतकाच वाटा दिला. तरीही कित्येक सुशिक्षित घरांत राखीपौर्णिमेला ओवाळणी घालणारा भाऊच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. नात्याचा गोडवा टिकावा म्हणून ती मुकाट्याने सही करते, आणि आपण त्याला संस्कार म्हणतो!

हा संस्कार नव्हे. मातृशक्तीचा जयघोष व्यासपीठावर करणाऱ्यांनी प्रथम आपल्या घरातील कागदपत्रे तपासावीत. स्वर्णकुमारींचे खरे स्मरण तेथूनच सुरू होईल.