पावसाळ्यातील वहाणा

मृग जवळ आला म्हणजे घरोघरी छत्र्या दुरुस्त होतात, लोणच्यांच्या बरण्यांना दादरे बांधले जातात. परंतु उंबऱ्याबाहेरील वहाणांची आठवण कोणास होत नाही. म्हणून या खेपेस कोल्हापुरी वहाणांविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या वहाणेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावितात आणि शिवण चामड्याच्याच वादीने घालतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले; महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्हे त्यात येतात. हे कातडे घाम शोषते व हळूहळू पायाच्या आकाराचे होते. परंतु त्याच गुणामुळे ते पाणीही शोषते. मग तंतू फुगतात, शिवण सैल होते आणि कमावणीचा अंश पाण्याबरोबर निघून जातो.

यावर कित्येक जण रोगण चढवितात. तसे करू नये. तळातून शिरलेली ओल मग आत कोंडते. त्यापेक्षा एक भाग मधमाश्यांचे मेण व तीन भाग एरंडेल गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. निवल्यावर कोरड्या वहाणेस फडक्याने पातळ हात द्यावा. कडा व शिवणी यांकडे विशेष लक्ष पुरवावे. रंग थोडा गडद होतो, तेव्हा प्रथम आतल्या बाजूस लावून पाहावे. याने शिंतोड्यांपासून रक्षण होते. मुसळधार पावसात मात्र वहाण घरीच ठेवावी.

भिजलीच, तर चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. सालीने कमावलेले कातडे ओले असता सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते व पुन्हा पूर्ववत होत नाही. कागद गुंडाळून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. लोखंडी जाळीवरही ठेवू नये; लोखंड व सालीतील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने काळे डाग पडतात.

आजोबांचा जुना जोडा केवळ स्मरणार्थ जपावयाचा असेल, तर त्यास तेल मुळीच लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडून, आत कागद भरून, तो कोरड्या व काळोख्या जागी ठेवावा.

हे सारे करावयाचे कोणी? आपल्या घरांत चामड्यास हात लावणे विटाळाचे मानीत. वहाण रोज पायी घालावयाची, पण ती घडविणाऱ्यास मात्र दाराबाहेर उभे करावयाचे, असा तो न्याय होता! त्याचा अवशेष अद्यापि या अनास्थेत दिसतो. तेव्हा हे काम गड्यावर न टाकता घरच्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांसह स्वहस्ते करावे. वादीचा एकेक टाका निरखून पाहिला म्हणजे तो घालणाऱ्या हातांची योग्यता कळेल, आणि पुढल्या खेपेस किमतीची घासाघीस करताना जीभ अडखळेल.