औषधाच्या चिठ्ठीवर बैठकीचा पत्ता

दारू सोडायची ठरवलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती पत्त्याची. गुत्ता कुठे आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची बैठक कुठे भरते, हे मात्र आरोग्य केंद्रातही अनेकदा सांगता येत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून ही चळवळ उभी राहिली. तिथे ना फी, ना आडनावाची चौकशी. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट.

अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याला मोठे महत्त्व दिले, आणि ते योग्यच होते. केंद्रातून घरी परतल्यावरचे पहिले काही महिने फार अवघड असतात. तेव्हा उपदेश नको असतो. आपल्यासारखाच होरपळलेला आणि सावरलेला कोणी शेजारी बसलेला हवा असतो.

व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. पण तालुक्याच्या दवाखान्यात, एसटी स्थानकावर जवळच्या बैठकीचा वार, वेळ आणि जागा लिहिलेला फलक लावायला खर्च तो किती? घरच्यांसाठीच्या अल-अॅनॉन गटांची माहितीही त्यावर हवी. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करू नये. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, आणि डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवरच बैठकीचा पत्ता लिहून द्यावा.