उदाचा थेंब, शेजाऱ्याचा हक्क

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की भिवंडीच्या बाजारात शेवया, सुकामेवा आणि टोप्यांच्या जोडीला अत्तराच्या गाड्या लागतात. गुलाब, मोगरा, खस अजूनही विकले जातात. पण तरुण पोरं हल्ली आधी ऊद मागतात.

हा वास आपल्यापैकी कोणालाच परका नाही. अरबीत ऊद म्हणजे लाकूड. आपल्या मराठी उदबत्तीतला ‘ऊद’ तोच. याच लाकडाला संस्कृतात अगरू म्हणतात, त्यावरून अगरबत्ती. देव्हाऱ्यात लावा नाहीतर दर्ग्यात, नाव एकाच झाडाचं.

हे झाड आसामात वाढतं. त्याच्या निरोगी लाकडाला असा सुगंध नसतो. खोडाला जखम होऊन बुरशी लागली की झाड स्वतःच्या बचावासाठी राळ तयार करतं. राळेनं काळं पडलेलं लाकूड भट्टीवर चढवून वाफेतून तेल काढतात. जंगलातली झाडं इतकी तोडली गेली की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. म्हणून दोन-तीनशे रुपयांच्या शिशीत शुद्ध ऊद मिळत नाही. कृत्रिम अत्तरात गैर काही नाही. लूमवर राबणाऱ्यालाही ईदला सुगंध हवाच. पण ते ‘असली’ म्हणून विकणं रोजेदार दुकानदाराला शोभत नाही.

ऊद लावताक्षणी उग्र असतो. गोठा, चामडं, धूर असं काहीतरी नाकाशी येतं. हळूहळू तो निवतो आणि मागे गोडसर लाकडाचा वास उरतो. अंगावर तो कितीतरी तास राहतो, कपड्यांवर कधी कधी धुईपर्यंत. म्हणून घरून निघण्याच्या तासभर आधी मनगटावर एक थेंब पुरे. अडचण अशी, की लावणाऱ्याचं नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावतं. कमी पडला असं वाटून तो पुन्हा लावतो. शेजाऱ्याच्या नाकाला मात्र सगळे थेंब एकदम जाणवतात.

तरावीहच्या नमाजात खांद्याला खांदा लागतो. कल्याणच्या शेअर रिक्षातही तेच. शेजारी दम्याचा रुग्ण असू शकतो. रोज्यात अत्तर लावायला मनाई नाही. जुम्मा आणि ईदला तर ती सुन्नत आहे. पण ज्या पैगंबरांना (स.) सुगंध प्रिय होता, त्यांनीच कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका, असंही बजावलं. कारण साधं आहे: इतरांना त्रास नको. माझ्या मते हा नियम महागड्या वासालाही लागू व्हावा.

ईदला शीरखुर्मा खायला आलेला मित्र गळाभेट घेईल, तेव्हा आपला वास त्याच्याही शर्टाला लागेल. घरी गेल्यावर त्याला तो पुन्हा घ्यावासा वाटावा, एवढाच लावावा.