घोड्याच्या पाठीवरचं ओझं कोण मोजणार?



माथेरानच्या ई-रिक्षांवरून या आठवड्यात छापून आलेली पत्रं वाचली. कुणाला धंदा बुडण्याची धास्ती, कुणाला पर्यटकांच्या गैरसोयीची काळजी. ज्या घोड्यांच्या नावाने हा वाद चाललाय, त्यांच्या पाठीवर ओझं किती असतं, हे एकानेही विचारलेलं नाही.

ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे नियम १९६५ पासून आहेत. तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो. सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं असतं. दोन लादली की १०० किलो, म्हणजे नियम तिथेच मोडला. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण ३० किलोचा. तीन बांधले की ९०. अशी लादलेली जनावरं, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून बाजाराकडे भर पावसात, निसरड्या रस्त्याने जाताना मी नेहमी पाहतो. हटकलं तर उत्तर येतं, ‘हे तट्टू नाही, घोडा आहे.’ तट्टू म्हणा नाहीतर घोडा, सोललेली पाठ तीच! आणि ९० किलोचा पर्यटक खोगिरासकट बसतो, तेव्हा ते ओझं नसतं का?

माथेरानमध्ये माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावलं. योग्यच झालं. पण घोड्याला कोर्टात जाता येत नाही. त्याच्यासाठी असलेला नियम तरी पाळा!

घोडेवाल्यांच्या पोटावर पाय आणा, असं मी म्हणत नाही. जनावर लंगडलं तर त्यांचीच चूल थंडावते. पण नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडायला माणूस मिळतो, मग ओझं मोजायला का मिळत नाही? त्याच करातून नालबंदीचा आणि पशुवैद्याचा खर्च का भागवला जात नाही? पैसा शेवटी घोड्यांच्या गावात येणाऱ्या पर्यटकांचाच आहे.

तीच गत लिदीची. उन्हाळ्यात ती लाल धुळीत मिसळून माणसांच्या आणि घोड्यांच्याही छातीत जाते. ती रोजच्या रोज उचलायला कोणत्या कोर्टाचा आदेश लागतो?

नगरपरिषदेने येत्या हंगामाआधी दस्तुरीला काटा बसवावा आणि ७० किलोंची पाटी ठळक अक्षरांत लावावी. पर्यटकांनीही घोड्यावर बसण्याआधी आपलं खरं वजन सांगावं, आणि ते जास्त असेल तर चालत जावं.

– एक वाचक, नेरळ