केसपेपरवरची ‘गृहिणी’

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतला कारकून ‘व्यवसाय?’ असं विचारतो आणि बाईनं तोंड उघडायच्या आत ‘गृहिणी’ लिहून मोकळा होतो. बायकांना सोबत करून दवाखान्यांचे खेटे घालणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही यात नवल वाटणार नाही. पण या एका शब्दापायी एखादीचा कर्करोग ओळखायचा राहून जाऊ शकतो.

फुफ्फुसाभोवती पातळ, दुपदरी आवरण असतं. त्याचा कर्करोग, मेसोथेलिओमा, बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो. तंतू श्वासातून आत गेल्यावर रोग दिसायला २० ते ५० वर्षं लागतात. आणि हे तंतू कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाहीत. न्यूहाउस आणि थॉम्पसन या दोघी संशोधिकांनी १९६५ साली लंडनमधला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नऊ रुग्ण असे होते, की ज्यांनी स्वतः ते काम कधी केलं नव्हतं. घरातलं कुणीतरी करत होतं. बहुतेकींची हकिगत एकच, नवऱ्याचे धुळीनं भरलेले कामाचे कपडे धुतले. मुंबईत घाटकोपर-मुलुंडलाही अ‍ॅस्बेस्टॉसचे कारखाने अनेक वर्षं चालले. तिथले कपडे कोण झटकत होतं, हे वेगळं सांगायला हवं का?

धाप लागते, छातीत दुखतं म्हणून बाई येते. एक्स-रेत छातीत पाणी दिसतं. आपल्याकडे आधी टीबीचा संशय येतो, तो गैरही नाही. पण औषधं घेऊनही पाणी पुन्हा भरत असेल, तर सीटी स्कॅन व्हायला हवा. त्यात आवरण चहूबाजूंनी, गाठीगाठींनी जाड झालेलं, हृदयाकडच्या बाजूलाही पसरलेलं आणि फुफ्फुस आवळलं गेलेलं दिसलं, तर संशय बळावतो. तरी फोटो म्हणजे निदान नव्हे. स्तनाचा कर्करोग आवरणात पसरला तरी चित्र असंच दिसू शकतं. आवरणाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय खात्री होत नाही. पण तुकडा काढायचं डॉक्टरांच्या मनात येण्यासाठी आधी संशय तर यायला हवा! स्कॅनच्या चिठ्ठीवर ‘अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध’ एवढं लिहिलेलं असलं, की फोटो वाचणाऱ्याची नजर त्या खुणा शोधते. ‘गृहिणी’ वाचून ती काय शोधणार?

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली मालकांना बजावलं, की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपा. चांगलंच झालं. पण हे सारं हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी. कपडे धुणारीचं नाव कुठल्या पटावर असणार? तिची छाती कुणी तपासायची, भरपाई कुणी द्यायची, यावर आपल्या कामगार संघटनांनीही फारसा आवाज उठवलेला नाही. त्यांना हे आपणच विचारायला हवं.

तोवर आपल्या आरोग्य शिबिरांच्या फॉर्मात दोन प्रश्न घालू या: घरातलं कोण, कुठल्या कारखान्यात कामाला होतं? त्यांचे कपडे कोण धुवायचं? आणि बायकांना सांगू या, जुन्या एक्स-रेच्या प्लेटा रद्दीत देऊ नका. दहा वर्षांपूर्वीची प्लेट शेजारी धरली, तरच काय बदललं ते डॉक्टरांना कळतं.