मोजणारा हात वेगळा हवा

वाशीमसारख्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो, टीएलडी बॅज. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला याची नोंद त्यात साठते. दर तीन महिन्यांनी तो बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. रुग्णालय स्वतः तो वाचत नाही, म्हणूनच त्या आकड्यावर विश्वास बसतो.

हाच न्याय अणुवीज केंद्रांना लावायला हवा. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. परिसरातील हवा, पाणी, दूध, भाजीपाला आणि मासळी तपासते ती भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा. आकडे दूरवर पाठवणारी स्वयंचलित यंत्रेही याच संस्थेने देशभर बसवली आहेत. शास्त्रज्ञांच्या कौशल्याबद्दल वाद नाही. पण वीज केंद्र चालवणारे न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन आणि मोजणारी संस्था, दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच.

वेगळ्या हाताने मोजण्याचे महत्त्व चेर्नोबिलने दाखवले. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथे स्फोट झाला. २८ तारखेला हजारावर किलोमीटर दूर, स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे धोक्याची घंटा वाजली. त्याच संध्याकाळी सोव्हिएत सरकारला अपघात मान्य करावा लागला. २०११ मध्ये फुकुशिमानंतर जपानी स्वयंसेवकांनी स्वतःची यंत्रे घेऊन रस्तोरस्ती मोजमाप केले आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवले.

मात्र यंत्र विकत घेतले म्हणजे काम झाले, असे नाही. पाऊस पडला की हवेतील नैसर्गिक रेडॉनपासून बनलेले कण जमिनीवर येतात आणि आकडा काही काळ वाढतो. तो गळतीचा पुरावा नसतो. उलट जड पाण्याच्या अणुभट्टीतून बाहेर पडणारे ट्रिटियम अशा गॅमा यंत्राला दिसतच नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने प्रयोगशाळेतच तपासावे लागतात. निसर्गातून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, तर अशा केंद्रांमुळे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या जादा मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. हा संदर्भ नसेल तर आकडा नुसता घाबरवतो किंवा खोटा धीर देतो.

म्हणून विद्यापीठांना आणि राज्याच्या प्रयोगशाळांनाही केंद्राभोवतीचे नमुने घेता यावेत. आकडे रोजच्या रोज, मराठीत, अर्थासह लोकांसमोर यावेत. एक्स-रे तंत्रज्ञाला मिळणारी खात्री तारापूरच्या मच्छीमारालाही मिळायला हवी.